फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर घेताना: डिलीट करण्याआधीची कामं, योग्य क्रमाने

‘स्टोरेज फुल’ची सूचना आली की बहुतेक घरांत एकच प्रकार घडतो. केबल जोडायची, कॅमेऱ्याचं फोल्डर ‘कट’ करायचं आणि डेस्कटॉपवर ‘पेस्ट’ करायचं. मध्येच केबल हलते किंवा लॅपटॉप स्लीपमध्ये जातो. मग काही फोटो इकडे, काही तिकडे आणि काही दोन्हीकडे सापडत नाहीत. दुसरी चूक याहून घातक आहे. ‘गूगल फोटोजवर आहेतच की’ म्हणून त्याच ॲपमधून फोटो पुसले जातात आणि ते फोनबरोबर क्लाउडवरूनही (इंटरनेटवरच्या साठ्यातूनही) जातात. बारशाचे किंवा आजोबांच्या शेवटच्या वाढदिवसाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत, त्यामुळे या कामात घाई परवडत नाही.

खालचे टप्पे अँड्रॉइड फोन आणि विंडोजचा कॉम्प्युटर धरून लिहिले आहेत, कारण आपल्याकडे हीच जोडी जास्त दिसते. आयफोनसाठी पुढे वेगळा भाग आहे. मेन्यूतली नावं फोनच्या कंपनीनुसार थोडी बदलतील, क्रम मात्र बदलू नका.

टप्पा १: फोटोंना हात न लावता थोडी जागा करा

जागा पूर्ण संपलेला फोन अडखळतो आणि कॉपी करताना मध्येच बंदही पडू शकतो. म्हणून आधी एक-दोन जीबी मोकळी करा, पण फोटो पुसून नव्हे. व्हिडिओ आणि गाण्यांच्या ॲपमध्ये ऑफलाइन पाहण्यासाठी उतरवून ठेवलेलं सगळं काढा. वर्षभर न उघडलेले गेम काढा. सेटिंग्जमध्ये स्टोरेज किंवा ॲप्सच्या यादीत जाऊन मोठ्या ॲपचा कॅशे (ॲपने साठवलेल्या तात्पुरत्या फाइली) साफ करा.

इशारा: ‘क्लिअर कॅशे’च्या शेजारीच ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ असतं. त्याला हात लावू नका. त्याने ॲपमधली तुमची माहितीच जाते. गूगल फोटोजच्या बाबतीत तर लॉक्ड फोल्डरमधले, बॅकअप न घेतलेले फोटोही त्याबरोबर जातात.

जागा करून देण्याचं आश्वासन देणारी ‘क्लीनर’ ॲप या वेळी अजिबात टाकू नका. ‘डुप्लिकेट’ किंवा ‘नको असलेले’ फोटो कोणते, हे ठरवण्याचं काम त्यांच्यावर सोडण्यासारखं नाही.

टप्पा २: फोटो नेमके कुठे कुठे आहेत ते पाहा

गॅलरी सगळे फोटो एकत्र दाखवते, पण ते असतात वेगवेगळ्या फोल्डरांत. त्यामुळे अनेकजण फक्त कॅमेऱ्याचं फोल्डर घेतात आणि उरलेलं राहून जातं. ही ठिकाणं तपासा:

– कॅमेऱ्याने काढलेले: ‘डीसीआयएम’ फोल्डरात ‘कॅमेरा’.
– स्क्रीनशॉट: काही फोनमध्ये ‘डीसीआयएम’मध्ये, काहींत ‘पिक्चर्स’मध्ये.
– एडिटिंग ॲपमधून सेव्ह केलेले: बहुधा ‘पिक्चर्स’मध्ये किंवा त्या ॲपच्या नावाच्या फोल्डरात.
– मेलमधून किंवा ब्राउझरमधून उतरवलेले: ‘डाउनलोड’.
– व्हॉट्सॲपचे: ‘अँड्रॉइड’, मग ‘मीडिया’, मग ‘कॉम डॉट व्हॉट्सॲप’, मग ‘व्हॉट्सॲप’, मग पुन्हा ‘मीडिया’. इथे ‘व्हॉट्सॲप इमेजेस’ आणि ‘व्हॉट्सॲप व्हिडिओ’ सापडतील. जुन्या फोनमध्ये ‘व्हॉट्सॲप’ हे फोल्डर बाहेरच असतं. काही फोनमध्ये जुनं आणि नवं अशी दोन्ही असतात, तेव्हा दोन्ही उघडून पाहा.

फोनमध्ये मेमरी कार्ड असेल तर ते कॉम्प्युटरवर वेगळं दिसेल. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये मध्येच कधी ‘एसडी कार्ड’ निवडलं गेलं असेल, तर मधल्या काही महिन्यांचे फोटो तिथे असतील.

आता लपवलेल्या फोटोंकडे वळा. गूगल फोटोजचं लॉक्ड फोल्डर, सॅमसंगचं सिक्युअर फोल्डर किंवा शाओमीचा प्रायव्हेट अल्बम यांतले फोटो केबल लावून दिसत नाहीत. आधारकार्ड, पासबुक, सातबारा, डॉक्टरांचे कागद यांचे फोटो लोक नेमके तिथेच ठेवतात. हवे असतील तर ते आधी बाहेर, साध्या गॅलरीत आणा.

व्हॉट्सॲपच्या फोटोंची थोडी छाटणी आधीच केली तर पुढचं काम हलकं होतं. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा. कोणत्या ग्रुपने किती जागा खाल्ली आहे ते आकड्यात दिसतं. सुप्रभातचे फुलांचे फोटो आणि फॉरवर्ड व्हिडिओ इथून ग्रुपवार काढता येतात. घरच्यांच्या ग्रुपला मात्र सरसकट हात लावू नका. लग्नाचे बरेचसे फोटो आपण स्वतः काढलेले नसतात, ते कुणीतरी त्या ग्रुपवर पाठवलेले असतात.

टप्पा ३: कॉम्प्युटरची तयारी

फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’ उघडा. फोटो आणि व्हिडिओंनी किती जीबी घेतले आहेत ते लिहून घ्या. कॉम्प्युटरवर त्याहून बऱ्यापैकी जास्त जागा हवी. सी ड्राइव्ह गच्च भरला तर विंडोजच अडखळतं, म्हणून डी ड्राइव्ह असेल तर तिथेच जागा निवडा.

इशारा: ‘पिक्चर्स’ आणि ‘डेस्कटॉप’ ही फोल्डरं अनेक नव्या लॅपटॉपवर वनड्राइव्हला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडला, जोडलेली असतात. तिथे टाकलेलं सगळं इंटरनेटवर चढायला लागतं आणि फुकट मिळणारे ५ जीबी बघता बघता भरतात. त्यानंतर वनड्राइव्हमधून ‘जागा करण्यासाठी’ काही पुसलं, तर कॉम्प्युटरवरचंही जातं. फोल्डर उघडून वरच्या पट्टीत वनड्राइव्हचं नाव दिसतं का ते पाहा. दिसलं तर जागा बदला.

फोल्डरांची रचना आधीच ठरवा. मी सुचवेन ती अशी: सगळ्यांत वर ‘फोटो संग्रह’, त्यात प्रत्येक फोनचं वेगळं फोल्डर (‘आईचा फोन’, ‘बाबांचा फोन’), त्यात ‘कॅमेरा’, ‘व्हॉट्सॲप’, ‘इतर’, आणि त्यात वर्ष.

प्रत्येक फोनचं फोल्डर वेगळं ठेवायला सांगतो, त्यामागे ठोस कारण आहे. व्हॉट्सॲप फोटोच्या नावात तारीख आणि त्या दिवसाचा क्रमांक घालतं, आणि हा क्रमांक प्रत्येक फोनवर स्वतंत्र चालतो. त्यामुळे एकाच दिवशी आईच्या फोनमधला तिसरा फोटो आणि बाबांच्या फोनमधला तिसरा फोटो वेगवेगळे असूनही त्यांचं नाव हुबेहूब सारखं असू शकतं. दोन्ही एकाच फोल्डरात टाकले आणि विंडोजने विचारल्यावर ‘रिप्लेस’ दाबलं, की एक फोटो कायमचा गेला, आणि ते कळतही नाही.

लॅपटॉप चार्जरला लावा. सेटिंग्जमध्ये ‘पॉवर’खाली स्लीपची वेळ ‘नेव्हर’ करा, काम झाल्यावर परत बदला. डेस्कटॉप कॉम्प्युटरला यूपीएस नसेल आणि तुमच्या भागात लाइट जाण्याची वेळ ठरलेली असेल, तर ती वेळ टाळूनच बसा.

टप्पा ४: फोन जोडणं

फोन निदान निम्मा चार्ज असू द्या. शक्य असेल तर फोनसोबत आलेलीच केबल वापरा. बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त केबलींमधून फक्त चार्जिंग होतं, डेटा जातच नाही. फोन चार्ज होतो आहे पण कॉम्प्युटरवर दिसत नाही, असं झालं तर पहिला संशय केबलवर घ्या. डेस्कटॉपला जोडताना मागच्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा. यूएसबी हब मध्ये नको.

१. फोनचं लॉक उघडा आणि उघडंच ठेवा.
२. केबल जोडा.
३. फोनवर वरून पट्टी खाली ओढा. ‘चार्जिंग धिस डिव्हाइस व्हाया यूएसबी’ अशी सूचना दिसेल. तिच्यावर टिचकी मारून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा.
४. फोनने परवानगी विचारली तर ‘अलाव’ म्हणा.
५. कॉम्प्युटरवर ‘धिस पीसी’ उघडा. तिथे फोनचं नाव दिसेल.

तपासा: फोनचं नाव उघडल्यावर आत काहीच दिसत नसेल, तर बहुधा फोन लॉक आहे किंवा अजून ‘ओन्ली चार्जिंग’वरच आहे. तिसरी पायरी पुन्हा करा.

टप्पा ५: कॉपी करा, कट करू नका

‘कट’ केल्यावर फाइल पोहोचली की लगेच मूळ पुसली जाते, मग ती नीट पोहोचली आहे का हे पाहायला तुम्हाला वेळच मिळत नाही. शिवाय केबलमधून फोनवरचं काही पुसलं गेलं तर ते कॉम्प्युटरच्या रिसायकल बिनमध्ये येत नाही. म्हणून या टप्प्यात फक्त कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही. कंट्रोल-एक्स नाही.

एकदम सगळं फोल्डर उचलण्याचा मोह होतो, पण हजारो फाइली एकदम दिल्या की ही जोडणी वारंवार अडकते. तुकडे पाडा. ‘कॅमेरा’ फोल्डर उघडा, ‘व्ह्यू’मध्ये ‘डिटेल्स’ निवडा आणि नावानुसार क्रम लावा. बहुतेक अँड्रॉइड फोन फोटोच्या नावातच वर्ष, महिना, दिवस घालतात, त्यामुळे आपोआप महिन्यांचे गट पडतात. एका गटातल्या पहिल्या फोटोवर क्लिक करा, शिफ्ट दाबून शेवटच्यावर क्लिक करा, कॉपी करा. एक गट पूर्ण झाल्याशिवाय दुसरा सुरू करू नका. दोन कॉपी एकाच वेळी चालवून वेग वाढत नाही.

मोठे व्हिडिओ वेगळे घ्या. फोर-के व्हिडिओला मिनिटाला शेकडो एमबी सहज लागतात, तेव्हा अर्ध्या तासाच्या एका रेकॉर्डिंगला किती वेळ लागेल याचा अंदाज धरूनच बसा. कॉपी चालू असताना फोनवर बोलू नका, कॅमेरा उघडू नका, फोन टेबलावर पडून राहू द्या.

मध्येच तुटलं तर घाबरायचं कारण नाही, मूळ फोटो फोनमध्येच आहेत. केबल काढून पुन्हा जोडा आणि तोच गट पुन्हा कॉपी करा. विंडोज विचारेल, या नावाची फाइल आधीच आहे, काय करू? ‘स्किप’ म्हणा. पण जिथे तुटलं ती शेवटची फाइल अर्धवट आलेली असू शकते. म्हणून पुन्हा सुरू करण्याआधी तेवढी एक कॉम्प्युटरवरून पुसा, ती नव्याने येईल.

एका गोष्टीने बरेचजण गोंधळतात. कॉम्प्युटरवर आल्यावर ‘डेट मॉडिफाइड’मध्ये काही फोटोंना आजची तारीख दिसू शकते. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोची खरी तारीख फोटोच्या आत नोंदलेली असते, ती ‘डेट टेकन’मध्ये दिसेल. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंमध्ये ही आतली नोंद नसते. तिथे नावातली तारीख हाच एकमेव पुरावा, म्हणून व्हॉट्सॲपच्या फोटोंची नावं बदलू नका.

इशारा: केबलचा कंटाळा म्हणून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून कॉम्प्युटरवर उतरवणारे बरेच आहेत. त्यात फोटोचा दर्जा घटतो आणि आतली तारीखही जाते. चार-दोन फोटो घाईने हवे असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येते. संपूर्ण संग्रहासाठी हा मार्ग नाहीच.

टप्पा ६: पडताळणी

लोक सगळ्यांत जास्त वेळा गाळतात तो टप्पा हाच, आणि फोटो जातात तेही त्यामुळेच.

पहिली तपासणी संख्येची. फोनवरचं फोल्डर कॉम्प्युटरवर उघडा, कंट्रोल-ए दाबा, खिडकीच्या तळाशी किती आयटम निवडले ते दिसेल. कॉपी केलेल्या फोल्डरातही तेच करा. वर्षवार वाटणी केली असेल तर सगळ्या वर्षांची बेरीज करा. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. पाच-दहा कमी असतील तर ‘असतील काहीतरी’ म्हणून सोडू नका, दोन्ही खिडक्या शेजारी लावून नावानुसार मिळवा.

दुसरी तपासणी आकाराची. कॉपी केलेल्या फोल्डरात ‘साइज’नुसार क्रम लावा आणि सगळ्यांत लहान फाइली पाहा. शून्य केबी दिसली तर ती फाइल आलेलीच नाही, फक्त नाव आलं आहे.

तिसरी तपासणी डोळ्यांनी. प्रत्येक गटातले सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे फोटो उघडा. खालचा अर्धा भाग करडा दिसत असेल तर फाइल अपुरी आहे. व्हिडिओ उघडून थेट शेवटाकडे जा आणि शेवटची काही सेकंदं चालवा. अर्धवट आलेला व्हिडिओ सुरुवातीला ठणठणीत चालू शकतो.

ही तिसरी तपासणी करताना केबल काढून टाका. फोन जोडलेला असताना तुम्ही चुकून फोनमधलाच फोटो उघडून पाहत असता आणि समजता की तो कॉम्प्युटरवर आहे.

टप्पा ७: दुसरी प्रत

फोनमधून पुसल्यावर कॉम्प्युटरवरचे फोटो ही एकुलती एक प्रत राहणार आहे. हार्ड डिस्क कोणतीही सूचना न देता बंद पडू शकते. म्हणून पुसण्याआधी दुसरी प्रत हवीच, यात मी सूट देणार नाही.

बाहेरची हार्ड डिस्क किंवा एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) घ्या आणि ‘फोटो संग्रह’ हे अख्खं फोल्डर तिच्यावर कॉपी करा. मग दोन्ही ठिकाणी त्यावर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. फाइलींची संख्या आणि बाइट्समधला आकार सारखा आला पाहिजे. डिस्क काढताना ‘सेफली रिमूव्ह’ करूनच काढा, आणि मग ती कॉम्प्युटरपासून लांब, दुसऱ्या कपाटात ठेवा. बहिणीकडे किंवा गावच्या घरी ठेवता आली तर आणखी चांगलं, कारण चोरी झाली किंवा घरात पाणी शिरलं तर लॅपटॉप आणि डिस्क एकदमच जातात.

पेनड्राइव्हवर विसंबू नका. ने-आण करायला तो ठीक आहे, वर्षानुवर्षं साठवायला नाही. मोठा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जात नसेल आणि ‘फाइल टू लार्ज’ येत असेल, तर पेनड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीचा आहे. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, कितीही जागा रिकामी असली तरी. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा लागतो, आणि फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं, हे लक्षात ठेवून.

टप्पा ८: आता पुसा

फोनवरूनच पुसा, केबलमधून नको. फोनवरून पुसलेलं निदान काही दिवस ट्रॅशमध्ये राहतं.

आधी हे पाहा: गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू आहे का? असेल तर त्या ॲपमधलं डिलीटचं बटण फोनमधला आणि क्लाउडवरचा असे दोन्ही फोटो काढतं. क्लाउडवरची प्रत ठेवायची असेल तर प्रोफाइलच्या चित्रावर टिचकी मारून ‘फ्री अप स्पेस’ वापरा. त्याने बॅकअप झालेल्या फोटोंच्या फक्त फोनमधल्या प्रती जातात. काही फोनची गॅलरी गूगल फोटोजला जोडलेली असते. पुसताना ‘सगळीकडून काढू का’ अशा अर्थाची सूचना आली तर थांबून नीट वाचा.

क्लाउडवरची प्रत मूळ दर्जाची असेलच असं नाही. ‘स्टोरेज सेव्हर’ निवडलेलं असेल तर मोठे फोटो १६ मेगापिक्सेलपर्यंत आणि व्हिडिओ १०८०पीपर्यंत आकसतात. शिवाय फुकटचे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून आहेत. ते भरले की बॅकअप थांबतो आणि बरेच दिवस कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे ‘गूगलवर आहेत’ हे शेवटच्या बॅकअपची तारीख पाहूनच म्हणा.

पुसण्याचा क्रम: आधी मोठे व्हिडिओ, मग जुन्या वर्षांचे फोटो. चालू वर्षाचे राहू द्या. बहुतेक वेळा व्हिडिओ काढल्यावरच पुरेशी जागा होते.

पुसूनही जागा वाढली नाही, ही तक्रार हमखास येते. ट्रॅशमधले फोटो जागा धरून बसतात. सॅमसंगच्या गॅलरीत ते ३० दिवस राहतात, गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले ६० दिवस आणि न झालेले ३० दिवस. निकड नसेल तर तेवढे दिवस जाऊ द्या. निकड असेल तर दोन्ही प्रती पुन्हा एकदा उघडून पाहा आणि मगच ट्रॅश रिकामा करा.

व्हॉट्सॲपच्या फोल्डरातून फोटो पुसले की चॅटमध्ये ते उघडणार नाहीत, तिथे धूसर चौकट राहील. आईवडिलांचा फोन साफ करत असाल तर हे त्यांना आधी सांगा.

आयफोन असेल तर

जोडल्यावर ‘ट्रस्ट धिस कॉम्प्युटर’ला होकार देऊन पासकोड टाका. मग फोटोंच्या सेटिंग्जमध्ये दोन गोष्टी पाहा. ‘ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी’खाली ‘कीप ओरिजिनल्स’ निवडा. ‘ऑटोमॅटिक’ ठेवलं तर फोन प्रत्येक फोटो बदलून देत बसतो आणि विंडोजवर कॉपी अनेकदा मध्येच एरर देऊन थांबते. दुसरं, ‘ऑप्टिमाइज आयफोन स्टोरेज’ चालू आहे का? असेल तर फोनमध्ये अनेक फोटोंच्या फक्त लहान प्रती असतात, मूळ आयक्लाउडवर असतात, आणि ते केबलने येणार नाहीत. ते आयक्लाउडच्या वेबसाइटवरून किंवा विंडोजच्या आयक्लाउड ॲपमधून उतरवावे लागतात.

आयफोनचे ‘एचईआयसी’ (आयफोन वापरतो तो फाइलचा प्रकार) फोटो विंडोजवर उघडले नाहीत तर फाइल खराब नाही. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ‘एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन्स’ टाका. लाइव्ह फोटोच्या दोन फाइली येतात, एक चित्र आणि एक छोटा व्हिडिओ, दोन्ही ठेवा. फाइलींचा क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, म्हणून सगळी फोल्डरं एकात ओतू नका, जशी आली तशी वेगळी ठेवा. आणि आयक्लाउड फोटोज चालू असेल तर आयफोनवर पुसलेला फोटो तुमच्या आयपॅडवरून आणि क्लाउडवरूनही जातो.

घरी कॉम्प्युटर नसेल तर

मोबाइलच्या दुकानात फोन देऊन ‘फोटो पेनड्राइव्हवर भरून द्या’ म्हणणं टाळा. लॉक उघडलेला फोन आणि सगळे खाजगी कागद अनोळखी कॉम्प्युटरला जोडले जातात, आणि त्या कॉम्प्युटरवर कोणती प्रत उरते हे तुम्हाला कळत नाही. ओटीजी कनेक्टर (फोनला डिस्क किंवा पेनड्राइव्ह जोडण्याचा छोटा जोड) घेऊन एसएसडी थेट फोनला जोडा आणि फोनच्या ‘फाइल्स’ ॲपमधून कॉपी करा. पडताळणीचे आणि दुसऱ्या प्रतीचे नियम इथेही तेच. दोन डिस्क शक्य नसतील तर नात्यातल्या कुणाचा लॅपटॉप एका दुपारसाठी मागा.

पुढच्या वेळी कुठून सुरू करायचं

‘फोटो संग्रह’मध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा आणि प्रत्येक फोनपुढे लिहा: कोणत्या तारखेपर्यंतचे फोटो घेतले, कुठून कुठून घेतले, दुसरी प्रत कोणत्या डिस्कवर आहे. पुढच्या वेळी त्या तारखेच्या दोन दिवस आधीपासून कॉपी सुरू करा आणि सारख्या नावांना ‘स्किप’ म्हणा. गणपती-दिवाळीच्या आधी एकदा आणि लग्नसराई संपल्यावर एकदा असं वर्षातून दोनदा हे केलं तर एका बैठकीत उरकतं. वर्षातून एकदा बाहेरची डिस्क जोडून त्यातले दहा-बारा जुने फोटो आणि एखादा व्हिडिओ उघडून पाहा. ती अडखळत असेल, कटकट आवाज करत असेल किंवा ओळखायला वेळ लावत असेल, तर त्याच आठवड्यात कॉम्प्युटरवरच्या संग्रहातून नवी प्रत करा.